पोकळ चाकाची सायकल

मॅडम, गेल्या महिन्यात तुमच्या शोकसभेत सायकलीचं नाव कुणीच काढलं नाही. मीही नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतले जुने शिक्षक बोलले, तुमच्या हाताखालून गेलेली मुलं बोलली. तुमचं अक्षर, तुमची शिस्त, फळ्यावर मोकळ्या हाताने काढलेलं वर्तुळ, उशिरा येणाऱ्याला तुम्ही 'या, आपल्यासाठीच थांबलो होतो' म्हणायचात ते. लोक हसले, मग डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, आता दत्तात्रय बोलतील, शेवटची सात वर्षं तेच जास्त जवळ होते. मी उभा राहिलो आणि तुमच्या पेन्सिलींबद्दल बोललो. टोक कसं काढायचं ते तुम्ही आम्हाला आठवडाभर शिकवलंत, वगैरे. शैलाताई पहिल्या रांगेत होत्या. तुमच्याबरोबर त्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेली तुमची धाकटी बहीण. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. मी काय गाळतोय ते त्या सभेत त्यांना एकट्यांना ठाऊक होतं.

तेच इथे लिहितोय.

तुम्ही माझ्या शेडवर पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्हाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. हडपसरला आमची शेती होती तिथे आता इमारती आहेत. कोपऱ्यात एक तुकडा उरला, त्यावर माझं फॅब्रिकेशनचं काम चालतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. तुम्ही बसमधून उतरलात, खांद्याला ड्रॉइंगच्या कागदांची लांब नळी. वीस वर्षांनी तुम्हाला पाहत होतो. पाया पडायला वाकलो, तर तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होतात.

"दत्तात्रय, त्या गेटाचा उजवा खांब बाहेर गेलाय."

"नाही मॅडम, ओळंबा लावून केलाय."

"मग ओळंब्याचं वय झालं असेल."

मी मोजलं. तीन मिलिमीटर.

संस्थेत आम्ही खेड्यांतली पोरं होतो. आयुष्यात आम्हाला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना अहो-जाहो केलंत, आणि त्याच आदराने आमची ड्रॉइंगं फाडलीत. मी 'हाय' म्हणालो की तुम्ही थांबायचात, मी 'आहे' म्हणेपर्यंत पुढे जायचा नाहीत. मला त्याचा राग यायचा. मग माझ्या मुलीने पहिल्यांदा मला तिच्या शाळेत काहीतरी बोलायला नेलं, आणि मी घाबरलो नाही, तेव्हा कुणामुळे ते कळलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'बरं, मग आता कामाचं बोला' म्हणाला असतात.

नळीतून तुम्ही कागद काढलेत आणि माझ्या वेल्डिंगच्या टेबलावर पसरलेत. सायकली होत्या. पण तशा सायकली मी कुठे पाहिल्या नव्हत्या. एक अशी की चालवणारा जवळजवळ आडवा. एक मधोमध दुमडून अर्धी होणारी, लिफ्टमध्ये मावेल अशी. एक बिनसाखळीची. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात माप, प्रमाणपट्टी, तारीख.

"या कशासाठी, मॅडम?"

"अजून पन्नास वर्षांनी या शहरात रस्ते उरणार नाहीत, फक्त फटी उरतील. त्या फटींतून माणसाला जायला काहीतरी लागेल. ते कुणीतरी आत्ता काढून ठेवायला नको?"

मला वाटलं, चेष्टा. तुमच्या चेहऱ्यावरून ते कळायची सोय कधीच नव्हती.

आपण त्यातल्या तीन बनवल्या. आडवी सायकल मी आमच्या गल्लीत चालवली तेव्हा सगळी कुत्री मागे लागली, कारण माझं तोंड त्यांच्या तोंडाच्या उंचीला आलं होतं. तुम्ही कठड्याला धरून हसलात, मग वहीत लिहिलंत, 'बैठक २०० मि.मी. वर घेणे.' दुमडणारी सायकल लिफ्टमध्ये मावली आणि बाहेर आल्यावर उलगडेना. बिनसाखळीची छान चालली, पण चढावर दात झिजले. प्रत्येक वेळी तुम्ही कागद बदलायचात. मी चूक दाखवायचो, तुम्ही चार कडक शब्द सुनवायचात, आणि पुढच्या शनिवारी नवा कागद घेऊन हजर. त्या शनिवारांची मी वाट बघायचो. आठवडाभर लोकांच्या बंगल्यांना गेट लावणारा माणूस एक दिवस पन्नास वर्षांनंतरचं काहीतरी बनवायचा. माझी बायको सुनीता म्हणायची, "मॅडम आल्या की तुम्ही सरळ उभे राहता. आमच्यापुढे कधी राहिला नाहीत."

मग पोकळ चाक आलं.

मागचं चाक, त्याला मध्ये काहीच नाही. तारा नाहीत, हब नाही, आस नाही. नुसतं कडं. त्याला खालून-वरून चार बेअरिंगनी धरायचं आणि दातेरी पट्ट्याने फिरवायचं. आतली पोकळी रिकामी, आणि त्या पोकळीत न फिरणारी एक टोपली. भाजी, दप्तर, गिरणीतून आणलेलं पीठ. वजन हँडलला नाही, पाठीला नाही, जमिनीजवळ. तरुणपणी हँडलला दोन पिशव्या लावून येताना लक्ष्मी रोडवर तुम्ही पडला होतात आणि मनगट मोडलं होतं. डावा हात, म्हणून ड्रॉइंग वाचलं, असं तुम्ही सांगायचात. मला ते डिझाइन बघताक्षणी आवडलं. इतकं साधं, इतकं नवं. आणि बघताक्षणीच मला वाटलं की हे चालणार नाही.

कडं हबवर फिरतं तेव्हा घासायची जागा मुठीएवढी असते. इथे अख्ख्या घेराला घासणार होतं. पहिलं कडं वाकवलं, बसवलं, हाताने फिरवलं. अर्धा फेरा, आणि थांबलं. दुसरं केलं. तिसरं केलं. बेअरिंग बदलली.

"यात मुळातच घर्षण जास्त आहे, मॅडम," एवढं मी एकदा म्हणालो.

"घर्षण तुमच्या कड्यात आहे. ते गोल नाही. माझ्या कागदावर ते गोल आहे."

हाच आपला वाद. वर्षभर चालला. तुम्ही म्हणायचात हात चुकतोय, मला वाटायचं कागद चुकतोय, पण तसं स्पष्ट मी म्हणालो नाही. कारण माझं कडं खरंच पूर्ण गोल नव्हतं. हातमशिनवर वाकवलेलं, दीड-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असणारच. आणि ज्या बाईने मला रेघ काढायला शिकवलं तिला 'तुमची आकृती चूक' म्हणायचं, तर आधी स्वतःचा हात निर्दोष पाहिजे.

त्याच वर्षी तुमची फुफ्फुसं आक्रसत चालल्याचं निदान झालं. तुम्ही मला सांगितलंत तेही आकृतीसारखं. "आतली जाळी कडक होतेय. दुरुस्ती नाही. किती वेळ लागेल ते डॉक्टरांना माहीत नाही, म्हणजे माहीत आहे." बसने येणं बंद झालं, शैलाताई रिक्षाने घेऊन यायच्या. तुम्ही खुर्चीत बसून बघायचात. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबायचात, आणि ते थांबणं आपण मुद्दाम केल्यासारखं दाखवायचात. एका शनिवारी जाताना म्हणालात, "दत्तात्रय, एकदा मला तिच्यावर बसून जायचंय. वीस मीटर गेले तरी पुरे."

तुम्ही आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

त्या आठवड्यात मी चारपैकी खालच्या एका बेअरिंगच्या जागी एक लहान मोटर बसवली. बॅटरी फ्रेमच्या जाड नळीत गेली. बटण सीटच्या खाली. पायडल मारलं की मोटर कड्याला ढकलणार. वरून काही दिसत नव्हतं. वजन वाढलं होतं, पण सायकल उचलून बघण्याची ताकद तुमच्यात राहिली नव्हती, हे मी धरून चाललो होतो. हे वाक्य लिहिताना मला माझी लाज वाटते, पण खरं तसंच आहे.

सुनीताला दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांगून लावा ना. मोटर आहे म्हणून काय, बसतील की त्या."

"त्यांना मोटरवर नाही बसायचं."

"मग खोट्यावर बसायचंय का?"

मी तिला कामाला जा म्हणालो.

आमच्या शेडमागच्या नव्या वसाहतीत रस्ते झाले होते, घरं व्हायची होती. सकाळी नऊला शैलाताईंनी तुम्हाला आणलं. तुम्ही साडीचा पदर खोचलात, नाकातली ऑक्सिजनची नळी काढून त्यांच्या हातात दिलीत. मी सीट धरली, बटण दाबलं. तुम्ही एक पाय मारलात, दुसरा मारलात, आणि गेलात. वीस मीटर नव्हे. रस्त्याच्या टोकापर्यंत. तिथे वळलात, परत आलात. मागे टोपलीत शैलाताईंनी घेतलेली मेथीची जुडी होती, ती हललीसुद्धा नाही. मी तुमच्या मागे धावत होतो, आणि तुम्ही ओरडत होतात, धापा टाकत, तुटक तुटक, "दत्तात्रय! पायाला... जोरच... लागत नाही!"

मॅडम, तुमचा तो चेहरा मी आणला होता. त्याच्यासाठी मी दहा वेळा खोटं बोललो असतो. त्या दिवशी मला असंच वाटलं.

खाली उतरल्यावर पाच मिनिटं तुम्हाला बोलता येईना. मग तुम्ही माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, "बघा. कडं गोल झालं की नाही?"

मी म्हणालो, "झालं, मॅडम."

तिथेच थांबलं असतं तर. पण तुम्ही थांबणाऱ्या नव्हतात. तुम्ही घरी जाऊन सगळी मापं पुन्हा लिहून काढलीत, टिपण तयार केलंत, आणि लोणी काळभोरजवळच्या एका कॉलेजला पाठवलंत. तिथे डिझाइनच्या मुलांचं प्रदर्शन होतं. त्यांनी सन्मानाने बोलावलं. तुम्ही फोनवर मला सांगत होतात आणि तुमचा आवाज विशीतला झाला होता. मी म्हणालो, "मॅडम, मला एक सांगायचंय त्या चाकाबद्दल." तुम्ही म्हणालात, "आता नको, मी भाषण लिहितेय. घर्षणावर अख्खं पान आहे, त्यात तुमचंही नाव घातलंय." मी फोन ठेवला. मध्ये सहा दिवस होते. हडपसरहून सदाशिव पेठ काही लांब नाही. मी गेलो नाही.

प्रदर्शनात तुम्ही खुर्चीत बसून बोललात. मुलं भोवती उभी. पोकळ चाकातून हात आरपार घालून बघत होती, मोबाइलवर फोटो काढत होती. तुम्ही म्हणालात की कागदावर जे बरोबर असतं ते लोखंडात यायला वेळ लागतो, म्हणून कागदावरचा विश्वास सोडायचा नाही. टाळ्या झाल्या. मग एका मुलाने सायकल चालवून पाहिली, चक्कर मारून आणली. चष्मा लावलेली एक मुलगी खाली वाकली, खालच्या बेअरिंगवर हात ठेवला आणि अगदी कौतुकाने म्हणाली, "मॅम, हे किती नीट हाइड केलंय! मोटर किती वॉटची आहे?"

"कसली मोटर?" तुम्ही म्हणालात.

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला कळलं, आपण काहीतरी भलतंच बोललो. तिचा काही दोष नव्हता. चांगली नजर होती तिला, तुमच्या वर्गात असती तर तुमची आवडती झाली असती.

तुम्ही मान वळवलीत. "दत्तात्रय, मोटर आहे?"

"हाय, मॅडम."

तुम्ही दुरुस्त केलं नाहीत. त्या मुलांकडे वळून म्हणालात, "मी आत्ता जे सांगितलं ते कृपा करून खोडून टाका. मला माहिती चुकीची मिळाली होती." आणि काठी टेकत उठलात. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

टेम्पोत तुम्ही पुढे बसलात, मी मागे सायकलपाशी. हडपसरच्या सिग्नलला खूप वेळ अडकलो. मी पुढे येऊन विचारलं, "चहा घेता?" तुम्ही समोर बघत होतात. "नको." घराशी उतरल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवर तुम्ही दम घ्यायला थांबलात. मी हात पुढे केला, तो तुम्ही धरला नाहीत.

"तुम्हाला मी रेघ शिकवली होती," तुम्ही म्हणालात. "कीव नव्हती शिकवली."

त्यानंतर आठ महिने तुम्ही होतात. मी तीनदा आलो. पहिल्यांदा शैलाताई म्हणाल्या, झोपली आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, डॉक्टर आहेत. तिसऱ्यांदा दार अर्धं उघडं होतं आणि आतून ऑक्सिजनच्या मशिनचा आवाज येत होता. तुम्ही आतूनच काहीतरी बोललात, शैलाताई जाऊन आल्या. ओशाळून म्हणाल्या, "ती म्हणते, काही सांगायचं असेल तर लिहून द्या." मला ते तुमचं नेहमीचं वाटलं, बोचरं. मी घरी आलो, कागद घेतला. 'आदरणीय मॅडम' लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. माफ करा, हे तर लिहायचंच होतं. पण त्याच्या पुढचं? मोटर का लावली? कारण चाक फिरत नव्हतं. चाक का फिरत नव्हतं? इथे येऊन हात थांबायचा. मरायला टेकलेल्या माणसाला हे लिहायचं? मी पुन्हा कीवच करत होतो, मॅडम. आणि तुम्ही आत पडून वाट बघत होतात की नव्हतात, ते मला आता कुणाकडून कळणार?

तुम्ही गेल्याचा फोन दुपारी आला. मी एका सोसायटीचं गेट बसवत होतो. अर्धं बसवून सोडता येत नाही, पडलं असतं कुणाच्या अंगावर. ते पुरं करून निघालो. स्मशानात पोहोचलो तेव्हा तुम्हाला विद्युतदाहिनीत घेतलं होतं आणि दार बंद झालं होतं.

शोकसभेनंतर शैलाताईंनी मला घरी बोलावलं. तुमच्या ड्रॉइंगच्या नळ्या देऊन टाकायच्या होत्या. ड्रॉइंगबोर्ड खिडकीशी होता तसाच. त्यावर कागद लावलेला. चौकट आखलेली, खाली उजवीकडे तुमचं नाव, पट्टी एकास पाच. शीर्षकाची जागा रिकामी, मधला कागद कोरा.

"कधीचा हा?" मी विचारलं.

"त्या प्रदर्शनाआधीचा. नवं काहीतरी सुचलंय म्हणत होती. आल्यावर बोर्डापाशी बसली नाही पुन्हा." शैलाताईंचा आवाज रागाचा नव्हता. "मी म्हणायचे, अगं काढ काहीतरी, वेळ जाईल. तर म्हणाली, माझं काय बरोबर आणि काय चूक ते मला आता कळत नाही. लोक मला खरं सांगत नाहीत."

मग त्या आत गेल्या आणि मी तिथे उभा राहिलो. मला वाटत होतं की मी तुम्हाला एक सकाळ दिली. मी तुमचे आठ महिने घेतले. त्या कोऱ्या कागदावर काय येणार होतं ते जगात कुणालाही माहीत नाही.

तुमच्या नळीत पोकळ चाकाचा मूळ कागद होता. तो घेऊन मी भोसरीला गेलो. तिथे एका कारखान्यात विमानाचे सुटे भाग होतात, माझ्या ओळखीचा एक जण आहे. त्याला म्हणालो, हे कडं याच मापाने करून दे, केसाच्या दहाव्या भागाइतकाही फरक नको. त्याने केलं. मोजून दाखवलं. इतकी गोल वस्तू मी माझ्या शेडमध्ये कधी पाहिली नव्हती. काल मोटर, बॅटरी, सगळं काढून टाकलं. चारही बेअरिंग नवी घातली. कडं बसवलं.

मॅडम, ते फिरावं म्हणून मी देवाला हात जोडले. मला हरायचं होतं. हात माझाच चुकला होता, कागद बरोबर होता, हे सिद्ध व्हावं, मग मी सदाशिव पेठेत जाऊन शैलाताईंना सांगितलं असतं, त्या कॉलेजात जाऊन त्या मुलीला सांगितलं असतं, शोकसभा पुन्हा भरवा म्हणालो असतो.

हाताने फिरवलं. पाऊण फेरा गेलं आणि थांबलं. वर बसलो, सगळा जोर लावला. दहा-बारा फूट गेलो. मांड्या भरून आल्या, उतरलो. पन्नाशीला आलेल्या धडधाकट माणसाची ही गत. सुनीता दारात उभी होती, ती आत गेली.

तुमची आकृती चुकली होती, मॅडम. घर्षण कड्यात नव्हतं, कल्पनेत होतं. हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पहिल्याच दिवशी बोललो असतो तर तुम्ही मला चार शब्द सुनावले असतेत आणि पुढच्या शनिवारी नवा कागद घेऊन आला असतात. तेव्हा तुम्हाला बसने येता येत होतं.

लिहून द्या म्हणाला होतात. हे लिहिलं.